टाकीत सोडलेली फौज

३ एप्रिल
टाकीचं पाणी पिऊन महिनाभर पोट धरून बसलेल्या वस्तीकरांनो, तुमचा घात होतोय. (वहीतच सभा झाली. असू दे, सराव.) महिन्यात दुसऱ्यांदा नूतन आडवी. माझ्या बायकोवर वार म्हणजे युद्ध.

४ एप्रिल
वाचन. जंतू खाणारे जंतू असतात. नदीच्या मातीत राहतात. शत्रूला भोसकून आत शिरतात, आतून खातात, फोडून बाहेर पडतात. वाचूनच बाह्या सरसावल्या.

५ एप्रिल
घोड नदीचा गाळ आणला. ड्रम, गूळ, बेसन, काठीने ढवळणं, सगळं शेतातल्या जीवामृतासारखं. शिकाऱ्यांना शिकार हवी, म्हणून गटाराचं पाणी दोन बादल्या. नूतन म्हणाली, तुम्ही शत्रूलाच जेवू घालताय. तिला डावपेच कळत नाहीत.

७ एप्रिल
फेस. भयंकर वास. आत कत्तल चालू असल्याचा पुरावा.

८ एप्रिल, सकाळी
पाणी सोडणारा गोकुळ टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायला निघालेला. म्हणजे माझ्या फौजेवर विषारी वायू. कानाखाली दिली. त्याने व्हॉल्व्हची लोखंडी चावी माझ्या तोंडावर हाणली. माझे दोन दात गेले, पण पावडर नाल्यात. ड्रम टाकीत ओतला.

संध्याकाळी सभा. म्हातारी बायडाबाई म्हणाली, "रामदास, तुजं शिकारी आमालाच खात्याल त्याचं काय?" लोक हसले. मी टाकीच्या पाण्याचा पहिला ग्लास नूतनच्या हातात दिला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळा संपवला. माझा ग्लास भाषणाच्या भरात प्यायचा राहून गेला.

१० एप्रिल, सकाळी ९
सोळा जण आजारी. संक्रमणकाळ. शेजारच्या दादाभाऊने नूतनला जीपमधून घोडेगावच्या दवाखान्यात नेलं. सलाईन. मी निघालोच होतो, पण गोकुळ टीसीएलचं पोतं घेऊन येतोय असं कळलं. कुऱ्हाड आणि ही वही घेऊन टाकीवर चढलो. वर येईल त्याला तोडीन म्हणून जाहीर केलं.

११.३०
खालून लोकांचे दगड. एक कपाळावर, रक्त. मी कुऱ्हाड भिरकावली. कोणाला लागली नाही. आता माझ्याकडे कुऱ्हाड नाही. गोकुळने शिडी काढून नेली. बायडाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वरच. फौज हाय की सोबतीला."

दुपारी २
ऊन. जीभ टाळ्याला चिकटली. झाकण उघडलं. पंधरा हजार लिटर. ओंजळ भरली. तहान तेवढी नाही असं लक्षात आलं. ओतून दिली.

२.२०
दादाभाऊचा फोन. नूतन डोळे उघडून पहिलं एवढंच बोलली, "त्यांनी न्हाई ना पिलं?"

२.३०
गोकुळ, शिडी लाव. मला घोडेगावला जायचंय.