पारानाहून आलेलं बोलावणं

झिंज, मनामा
१४ सप्टेंबर २०२५

ती. अक्षताताई यांस,
कांताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

व्हॉट्सॅपवर तुम्हाला ब्लॉक केलंय ते चुकून नाही, मुद्दाम. म्हणून हे पत्र. सह्या झालेले कागद कुरियरने तुमच्या ब्राझीलच्या ऑफिसात परत जातात, त्यातच हे घालते आहे. कंपनीला आपण तिघांनी एवढं दिलंय, तर एका पत्राचं वजन तिला जड होणार नाही. तुम्ही तिकडे पाराना राज्यात कोंबड्या तपासता, मी इथे बहरीनला त्यांचे कस्टमचे कागद सोडवते आणि तुमचे बंधू हिद्दच्या शीतगृहात त्या गोठवून ठेवायची मशीनं सांभाळतात. एकाच कोंबडीवर तीन माणसं जगतात.

परवा तुमचं पत्र यांनी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. पारानात सोया किती, मका किती, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था स्वतःचे कारखाने कशा चालवतात, बंदरावर बोटींची रांग कशी लागते. मला वाटलं आमच्या लेकीच्या, श्रावस्तीच्या, भूगोलाचा धडा चाललाय. शेवटी कळलं की हा सगळा थाट आमच्या घरातला माणूस उचलून नेण्यासाठी आहे. कास्कावेलला तिथल्या सहकारी संस्थेचं नवीन शीतगृह होतंय, समाधानने त्याचा मुख्य म्हणून यावं, आणि वर 'माझा शब्द मोडू नकोस'.

स्वतः लग्न न करता तुम्ही त्यांना शिकवलंत. तुमचा शब्द त्यांना मोडता येत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, आणि नेमकं तेच तुम्ही वापरलंत. हे काही मोठेपणाचं लक्षण नाही, ताई. श्रावस्ती दहावीला आहे. माझी नोकरी इथे आहे. अख्खं बहरीन पारानाची कोंबडी खातं, माझ्या फ्रीजरमध्येही तीच आहे. पण कोंबडी आली म्हणून बदल्यात नवरा पाठवायचा, असा करार मी कुठे केलेला नाही. जागा भरली असं त्यांना कळवून टाका आणि विषय संपवा.

श्रावस्तीचा तुम्हाला नमस्कार. तिला मी सांगितलं नाही, तिने स्वतःहून सांगितला. माझ्याकडून रीतीपुरता लोभ.

कांता


कास्कावेल, पाराना
२६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. कांता हिस,
जयभीम आणि आशीर्वाद. तुला नको असले तरी.

जागा भरलेली नाही, तेव्हा भरली असं मी लिहिणार नाही. खोटं लिहायचंच असेल तर तू लिही, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

पारानाची टिंगल करतेस, म्हणून सांगते. इथे एके काळी जिकडे तिकडे कॉफी होती. पन्नास वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात असं काही दंव गोठलं की बागा रातोरात काळ्या पडल्या. माणसं बायकापोरं घेऊन मिळेल त्या वाटेने गेली, गावं ओस पडली. उरले त्यांनी सोया पेरला, मका पेरला, तो खायला कोंबड्या पाळल्या. माझ्या घरमालकीणबाई अजून कॉफीचा विषय निघाला की डोळ्याला पदर लावावा तसा रुमाल लावतात, आणि त्यांचाच मुलगा आज संस्थेच्या कत्तलखान्याचा कारभार बघतो. सगळं गोडच आहे असं मी म्हणत नाही. लहान शेतकऱ्यांचे इथेही हालच झाले. पण एक बुडालं म्हणून ही माणसं कपाळाला हात लावून बसली नाहीत.

आणि तुझा नवरा? हिद्दला तो ज्या पोरांना मशीन शिकवतो, तीच दोन वर्षांत त्याचे साहेब होऊन बसतात. तीनदा असं झालं. तो हसून घरी येतो आणि तुला वाटतं की बरं चाललंय. कधी बसवून विचारलंस का त्याला? तो तुझ्या दिवाणखान्यातला सोफा नाही की तू ठेवशील तिथे राहील.

बोलावण्याबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर मला नको, त्याला विचार.

श्रावस्तीला पापा. तुझा राग तुझ्यापाशी ठेव, मला इथे माझं काम आहे.

अक्षता


झिंज, मनामा
१९ ऑक्टोबर २०२५

ती. अक्षताताई यांस,
जयभीम. वि. वि.

तुमच्याकडून लेखी खुलासा मागितला गेला, हे मला कळलं. तो माझ्यामुळे मागितला गेला, हे तुम्हाला कळलंच असेल. काय झालं ते माझ्याकडूनच ऐका.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी कुरियर आलं. पाकिटावर नेहमी छापील पत्ता असतो, या वेळी तुमच्या हाताने माझं नाव लिहिलेलं. मला वाटलं, आली आणखी एक चंपी. न उघडता खणात टाकलं. तुमच्या पत्राबरोबर कोंबड्यांचं हेल्थ सर्टिफिकेट आणि हलाल सर्टिफिकेटही त्याच पाकिटात असतील हे डोक्यातसुद्धा आलं नाही. इकडे कंटेनर बंदराला लागले. मूळ कागदांशिवाय कस्टमवाले सोडेनात. आमचे साहेब शाहिदभाई विचारायला आले तेव्हा मी बेधडक सांगितलं की ब्राझीलहून काही आलेलंच नाही. ते तुमच्या ऑफिसवर फोनवरून जे बरसले, ते मी कानांनी ऐकलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

हिद्दच्या शीतगृहातल्या खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या. दुकानदार यांच्या नावाने ओरडायला लागले. यांनी तुम्हाला फोन लावला, आणि तिथून तडक माझ्या ऑफिसात. ताईचं काही आलंय का, एवढंच विचारलं. मी खण उघडून पाकीट टेबलावर आपटलं. शाहिदभाई कपाळाला हात लावून म्हणाले की बहन, ये खोला क्यूँ नहीं. मीही सगळ्यांदेखत सांगितलं, की ही बाई माझा नवरा पळवते आहे, तिचं पाकीट मी का उघडू.

तेव्हा तुमचे बंधू बोलले. हिंदीत, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं. की बहिणीने बोलावलंच नाही. मीच तिला सांगितलं होतं की मला बोलावणं पाठव. बायकोला मी स्वतः सांगू शकलो नाही.

शाहिदभाईंनी खलास, खलास म्हणत सगळ्यांना कामाला लावलं. तुमचा दोष नाही असं मी त्यांना त्याच दिवशी लिहून दिलंय, त्याची काळजी नको. पण बोलावणं यांनीच मागवलं, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी तुम्हाला नाही नाही ते लिहिलं आणि तुम्ही उलट मलाच लेक्चर दिलंत. भावाची लबाडी पदराखाली घेऊन बसलात. घरात एक माणूस आपल्याला इतका घाबरतो, हे परक्यांसमोर कळावं, याची मला किती लाज वाटली ते तुम्हाला कळायचं नाही.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

कांता


कास्कावेल, पाराना
२८ ऑक्टोबर २०२५

कांता,
जयभीम.

पदराखाली घेतलं, हे खरं आहे. लहानपणापासून घेत आले. शाळेत मार्क कमी पडले तरी बाबांना मी सांगायचं, तुझं स्थळ पसंत आहे हेसुद्धा त्याने मलाच सांगायला लावलं. या वेळी मी त्याला दोनदा म्हटलं की आधी कांताशी बोल. तो म्हणाला, ती नाही म्हणेल आणि विषय तिथेच मरेल, तुझ्या नावाने आलं तर निदान घरात बोलणं तरी होईल. मला ते पटलं नव्हतं. तरी लिहिलं. तुझ्या शिव्या मला लागल्या, पण त्या त्याच्या वाट्याच्या होत्या म्हणून जास्त लागल्या.

मात्र तुझ्या घरात तुझ्याशी बोलायला माणूस का घाबरतो, याचं उत्तर पारानात शोधू नकोस.

आता तो फोनवर म्हणतो की मी येत नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या. आवाज असा, कुणी गेल्यासारखा. संस्थेचे लोक महिनाभर थांबतील. तुम्ही दोघं काय ते ठरवा, मी मध्ये पडणार नाही. तुझ्याशी भांडायला मला उरलेला जन्म आहे.

अक्षता


झिंज, मनामा
२३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्षताताई यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे येत आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. संस्थेला होकाराची मेल गेली असेल, ती मी बाजूला उभं राहून यांनाच टाइप करायला लावली.

तुम्ही जिंकलात असं समजू नका. महिनाभर हे नोकरीवरून येऊन गप्प जेवत होते आणि मी काही बोलले की 'तू म्हणशील तसं'. असा माणूस मला घरात नको. मी थांबवला तर हा थांबेल, आणि मरेपर्यंत मनात मला बोल लावत राहील. त्यापेक्षा जाऊ दे. श्रावस्तीचा व्हिसा मी माझ्या नावावर करून घेतला. फ्लॅट माझ्या पगारात परवडतो. दहावी होईपर्यंत आम्ही दोघी कुठेही हलणार नाही, आणि त्यानंतरचं मी आज कुणाला सांगणार नाही.

'याचं उत्तर पारानात शोधू नकोस' या तुमच्या वाक्याचा मला राग आला, तो अजून आहे. पण मी रोज घरात आल्या आल्या नोकरीची, फीची, व्हिसाची भीती घालत असेन, तर हे काय बोलणार, असंही वाटलं. हे तुम्हाला लिहिताना माझे दात दुखताहेत.

काल बॅगा काढल्या. श्रावस्तीने यांना इंग्रजीत विचारलं की पप्पा, तुम्ही आम्हाला सोडून चाललात का. हे शर्टाची घडी घालत होते. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली, आणि माझ्याकडे पाहिलं. पोरगी विचारत होती बापाला. उत्तर मी दिलं. नोकरीसाठी जाताहेत, येतील, असं म्हणाले. ती मान हलवून आत गेली. ताई, इतके दिवस मी रडले नव्हते, तेव्हा बाथरूमचा नळ सोडून रडले. शाहिदभाईंच्या ऑफिसात हा माणूस एकदा स्वतःच्या तोंडाने बोलला, तेवढंच. घरात आला की पुन्हा बायकांच्या तोंडाने.

म्हणून तुम्हाला एक सांगते आहे, विनंती नाही. तिकडे थोडे दिवस गेले की त्यांना आमची आठवण येईल, आणि ते तुमच्याकडे येतील, की ताई, कांताला लिही, पोरीला लिही. एक ओळ लिहू नका. कागद पुढे ठेवा, पेन हातात द्या, आणि तुम्ही खोलीबाहेर जा. कागद कोरा राहिला तर कोराच पाठवा.

थोडा लोभ उरला आहे, तो तुमच्या भावासाठी मागू नका. तुम्हाला हवा असेल तर घ्या.

कांता