तुमच्या भावाच्या रक्ताची हकीकत

तीर्थरूप वन्संना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (खरोखर ठेवायचं म्हटलं तर अवघड आहे, कारण हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून बसून माझी मान अजून डावीकडेच वळते. पण भावना सरळ आहे.) तुमची तब्येत ठणठणीत असणार हे मी धरूनच चालते. तुमच्याकडे यायचं म्हणजे आजारालाही आधी दारात पाय पुसावे लागतील, मग तुम्ही त्याला 'काय काम काढलंत?' असं विचारणार, तेवढ्यात तो बिचारा जिना उतरलेला असेल. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. 'सगळे' म्हणजे तुमचे बंधूसुद्धा. ते घरी आले हे तुम्हाला फोनवर कळलंय, पण मधली हकीकत कळलेली नाही, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो वन्सं' म्हणते. पत्रात मला कुणी मध्येच तोडू शकत नाही, म्हणून हा कागद घेतला.

तर, सुरुवात तापाने झाली. आता व्यायामशाळेत लोकांना वजनं उचलायला शिकवणाऱ्या माणसाला ताप आला की तो काय करतो? जोर काढतो. घाम आला की ताप जातो म्हणे. मी शिलाईचं मशीन थांबवून तीनदा सांगितलं की झोपा, तर मला म्हणाले, 'तू कपड्यांचं बघ, शरीराचं मी बघतो.' मग एके दिवशी माझ्या शिवणाच्या दुकानाच्या जिन्यात मध्येच बसले आणि माझ्याकडे असं पाहायला लागले, जणू त्या पायऱ्या मीच वाढवल्यात. श्वास पुरत नव्हता. हॉस्पिटलात एक्स-रे काढला तर फुप्फुसं धुक्यासारखी पांढरी. डॉक्टर म्हणाले, फ्लूच आहे, पण जबर बसलाय. नाकात ऑक्सिजनची जाड नळी आली, हातात सुया आल्या, आणि संध्याकाळी रक्ताचा अहवाल आला: साखर भलतीच वाढलेली! ज्या माणसाला कधी मधुमेह नाही, त्याची!

मी घाबरून तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेलच. नसेल तर लिहिते. 'आपल्या घराण्यात साखर नाही. तूच काहीतरी गोडधोड खायला घातलं असणार. आता बंद कर सगळं. पाण्यासारखं सूप दे, बास!' मी 'हो वन्सं' म्हटलं. (मनात मात्र मागच्या महिन्यातला वाढदिवसाचा केक फिरायला लागला. त्याचे त्यांनी तीन तुकडे खाल्ले होते आणि मी चौथा पुढे केला होता.) तेव्हापासून हॉस्पिटलच्या ताटातलं अंडं, दूध, पाव सगळं मी परत पाठवायचे आणि चार चमचे सूप द्यायचे. हेही कुरकुर करत नव्हते. त्यांना भूकच नव्हती आणि घास चावायला श्वास पुरत नव्हता. माझं काम आयतंच सोपं झालं होतं. एकदा त्यांच्या अंगावरच्या हॉस्पिटलच्या सदऱ्याची बाही मला ढगळ वाटली. मी नर्सकडे जाऊन मापाचा सदरा मागितला. ती म्हणाली, तोच आहे, आल्या दिवसाचा. म्हणजे सदरा तोच होता आणि आतला माणूस कमी झाला होता. वन्सं, इतकी वर्षं मी लोकांचे कपडे आत घेतेय, पण कपडा तसाच ठेवून माणूस आत घेतलेला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

आता त्या वॉर्डातल्या बर्फवाल्या बाईंबद्दल लिहायलाच हवं. या एक डॉक्टर आहेत, पण औषध देणाऱ्या नव्हेत, रक्त घेणाऱ्या. मोठ्या विषाणूच्या आजारात माणसाच्या रक्तात काय काय उलथापालथ होते, याचा त्या अभ्यास करतात. ह्यांनी दाखल होताना त्यासाठी सही दिली होती. बाई रोज सकाळी बर्फाचा डबा घेऊन पळत यायच्या, नळीभर रक्त घ्यायच्या आणि ते कोमट व्हायच्या आत पळत जायच्या. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायच्या. माणसांची नावं त्यांना मुळीच आठवत नाहीत. मला पहिल्यांदा त्यांनी विचारलं, 'चरबी फार वाढलेले ते तुमचेच ना?' मी चिडून म्हटलं, 'त्यांच्या अंगावर चरबीचा कणसुद्धा नाही.' तर हसून म्हणाल्या, 'अंगावर नाही हो, रक्तात!' आणि डब्यावरच बसून त्यांनी मला समजावलं की बाहेरून आपल्याला ताप-खोकला दिसतो, पण आत शरीराचा सगळा स्वयंपाक बिघडलेला असतो. साखर चढते, चरबी चढते, स्नायू विरघळून त्यांचे तुकडे रक्तात येतात, आणि या खुणांवरून कोण बरा होणार आणि कोणाचं बिघडणार हे आधी कळलं, तर माणसं वाचतील. लोक नातवंडांबद्दल बोलतात ना, तशा त्या रक्ताबद्दल बोलतात. ऐकता ऐकता मलाही त्या नळीचं कौतुक वाटायला लागलं.

त्यानंतर दोन दिवसांनी वॉर्डच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हे असेच दमत राहिले, तर उद्या घशात नळी घालून श्वासाचं यंत्र लावावं लागेल, म्हणाले. मी खाटेशी परत आले तर बर्फवाल्या बाई उभ्या, आणि परत चाललेलं ताट त्यांनी धरून ठेवलेलं.

'हे कुठे चाललं?'

'साखर वाढलीय ना, म्हणून बंद केलंय.'

'कुणी सांगितलं?'

तुमचं नाव मी घेतलं नाही, वन्सं. 'मीच ठरवलं' असं म्हटलं. आणि नेमका त्याच क्षणी तुमचा फोन आला. मी एवढंच म्हटलं, 'हो वन्सं.' त्या दोन शब्दांत बाईंना सगळी भानगड कळली. त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला. तुमच्या बाजूचं तुम्हाला माहीत आहे. आमच्या बाजूला काय झालं ते सांगते. तुमचा आवाज फोनमध्ये मावत नाही, त्यामुळे सगळा वॉर्ड ऐकत होता.

'तुमच्या भावाची साखर गोड खाऊन वाढलेली नाही,' बाई म्हणाल्या.

'तुमचं वय काय?' हे तुम्ही.

'पन्नाशी उलटली.'

'मग बोला.'

आणि बाई बोलल्या. विषाणू अंगात घुसला की शरीर हादरतं, लढायला इंधन हवं म्हणून यकृत रक्तात साखर ओतत सुटतं, आणि पेशी ती नीट आत घेत नाहीत. त्यात आमच्या औषधानेही ती चढते. तिच्यासाठी इन्सुलिन चालू आहे, ते आम्ही बघू. 'पण खायला दिलं नाहीत, तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. थंडी वाजते म्हणून घराची दारं-खिडक्या जाळून शेकत बसावं, तसं. त्यांचे दंड बघितलेत का?'

मग तुम्ही गप्प झालात. लग्न होऊन आल्यापासून तुमची शांतता मी पहिल्यांदा ऐकली. वॉर्डातली नर्ससुद्धा हातातलं काम सोडून उभी राहिली. मग तुम्ही अगदी हळू म्हणालात, 'लहानपणी त्याला ताप आला की मी उपाशीच ठेवायचे. बरा व्हायचा तो.'

'तो ताप वेगळा होता,' बाई म्हणाल्या. 'आणि आत्ता मला तुमची मदत हवीय. ते बायकोचं ऐकणार नाहीत, माझंही ऐकणार नाहीत. तुम्ही त्यांना खायला सांगा.'

त्यानंतर जे झालं, ते मी जन्मभर विसरणार नाही. दर जेवणाला तुमचा फोन यायचा, मी तो ह्यांच्या कानाला लावायचे, आणि तुम्ही 'घे. चाव. गीळ. आता श्वास घे. आता परत घे,' असं म्हणत राहायचात. लहानपणी आई गेल्यावर तुम्ही ह्यांना असंच भरवलं असणार, हे मला तेव्हा दिसलं. डोळ्यांतून पाणी काढत, पण मुकाट्याने, त्यांनी अख्खं अंडं खाल्लं. (पलीकडच्या खाटेवरचे आजोबा, जे नर्सला जुमानत नव्हते, तेही तुमच्या आवाजाने आपलं ताट संपवायला लागले. त्यांच्या सुनेने तुम्हाला आभार कळवायला सांगितलेत.)

दुसऱ्या दिवशी यंत्राचा विषय डॉक्टरांनी 'संध्याकाळपर्यंत बघू' म्हणून पुढे ढकलला, संध्याकाळी पुन्हा ढकलला, आणि मग बाई कॉरिडॉरमधून ओरडत आल्या, 'लॅक्टेट उतरलं!' मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण त्यांच्या एका पायात चप्पल आणि एका पायात बूट होता, त्यावरून बातमी चांगली आहे हे कळलं. मी त्यांना म्हटलं, तुमच्यामुळे वाचले हो. तर म्हणाल्या, 'औषधाने, ऑक्सिजनने, अन्नाने की त्यांच्या स्वतःच्या जोरावर, मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून तर नळ्या साठवते.' वन्सं, मोठेपणा घ्यायची इतकी सोन्यासारखी संधी सोडणारा माणूस मी आमच्या धंद्यात तरी पाहिलेला नाही. मी एखादी पँट नीट उसवली तरी चार जणांना सांगते.

आता हे घरी आहेत. चहाचा पेला दोन हातांनी उचलतात. मी सगळे शर्ट आत घेतलेत, पण शिवणीत कापड राखून ठेवलंय, परत सोडता येईल असं. येईल त्याला मात्र ऐटीत सांगतात, 'माझे दंड हॉस्पिटलच्या फ्रीझरमध्ये ठेवलेत, अभ्यासासाठी.'

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, तर वडीलकीच्या नात्याने पोटात घाला.

तुमची,
भावजय

ता. क. मूळ काम राहिलंच. बाईंना तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं. आजार नाही, गोळ्या नाहीत, आणि शक्यतो घरातलंच कुणी. मी तुमचं नाव देऊन टाकलंय. पुढच्या आठवड्यात यावं. एक छोटीशी नळी घेतात, दुखत नाही.

ता. क. आणखी. खरं सांगायचं तर बाईंची निरोगी माणसं केव्हाच पूर्ण झालीत. पण 'सहज या' म्हटलं तर तुम्ही येणाऱ्यातल्या नाही, म्हणून काम काढलं.

ता. क. शेवटचं. पाकीट चिकटवत होते, तर ह्यांनी विचारलं, कुणाला पत्र? म्हटलं, वन्संना. 'ये म्हणून लिहिलंस?' मी म्हटलं, लिहिलंय, रक्ताच्या निमित्ताने. 'निमित्त कशाला? ताई आहे ती. नीट लिही,' म्हणाले, आणि पाकीट स्वतःच्या हाताने फाडलं. (फाडताना दम लागला, पण फाडलं.) म्हणून हे नीट लिहिते: या.