मॅकफेलच्या गौरव अंकासाठी एक पान

ईडन प्रेरी, मिनेसोटा
शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७

प्रिय राजाराम,

सप्रेम जय भीम. तुझं दोन तारखेचं पत्र परवा मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. नंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरने जानेवारीवर ढकललं. दीपाला ड्रायव्हिंगचं परमिट मिळालं आहे, त्यामुळे हल्ली मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत असतो. फॅक्टरीत मोजमापाची यंत्रं तपासायचं माझं काम चालू आहे. दोन इंजिनियर पोरं माझ्या हाताखाली दिली आहेत. डिग्री आहे, पण मायक्रोमीटर धरता येत नाही.

आता तुझ्या कामाचं. तिकडे स्कॉटलंडात किर्कलोनच्या इंडियन असोसिएशनने आर्ची मॅकफेलची साठी साजरी करायची ठरवलं, तू सेक्रेटरी म्हणून गौरव अंक तुझ्या गळ्यात पडला, आणि त्याच्या बसचा जुना कंडक्टर म्हणून माझं एक पान हवं आहे, हे समजलं. पत्राच्या शेवटी तू जे लिहिलं आहेस त्याचं उत्तर शेवटीच देतो.

त्याच्या चरित्राचा तुझा मसुदा तीनदा वाचला. छापू नकोस. तू लिहितोस, 'वीस वर्षं पार्लमेंट गाजवलं.' तो निवडून आला १५ ऑक्टोबर १९६४ला. सभागृह विसर्जित झालं १३ मे १९८३ला. म्हणजे अठरा वर्षं सात महिने, त्यातही दोन दिवस कमी. आणि गाजवलं काय? इतक्या वर्षांत त्याची मोठी भाषणं अकरा. लायब्ररीत बसून मी सगळी वाचली आहेत. त्यातल्या चारांत तोच एक विनोद आहे.

'हजारोंच्या मताधिक्याने' हेही खोडून टाक. पहिल्या खेपेला ४१२ मतं. जहाजाच्या कारखान्यात दहा वर्षं सुतारकाम केलं म्हणतोस. दोन वर्षं चार महिने, मग युनियनच्या ऑफिसात खुर्ची. तिकिटाचे पैसे देताना त्याचा तळवा मी रोज बघायचो. रंध्याचा हात नव्हता तो. 'मंत्री' म्हणतोस, मासेमारी खात्याचा उपमंत्री, अकरा महिने. माशाशी त्याचा संबंध शुक्रवारच्या जेवणापुरता. आणि १९८१मध्ये पक्ष सोडला तो म्हणे तत्त्वासाठी. पक्ष त्याला पुढच्या वेळी तिकीट देणार नव्हता, हे किर्कलोनच्या पोस्टमनला ठाऊक होतं. नव्या पक्षाकडून उभा राहिला आणि तिसरा आला. तेव्हापासून अमेरिकेतल्या कॉलेजांत 'लोकशाहीचं भवितव्य' सांगत हिंडतो. ज्याला स्वतःचा मतदारसंघ राखता आला नाही, तो आम्हाला लोकशाही सांगणार.

माझ्याबद्दलची हकिगत तू घातली आहेस, तीही काढ. त्याच्या प्रचारपत्रकातले घरबांधणीचे आकडे चुकले होते. मी पत्र टाकून दाखवून दिलं. त्याने ते भर सभेत वाचलं आणि म्हणाला, 'माझ्या अख्ख्या ऑफिसापेक्षा आपला कंडक्टर जास्त वाचतो.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुला तो मोठेपणा वाटला. मला वाटलं, माकड सलाम करतं तेव्हा अशाच टाळ्या पडतात.

गेल्या महिन्यात, २९ तारखेला, तो इथे मिनियापोलिसला येऊन गेला. मी गेलो होतो, हे तुला कळवलं नव्हतं. दीपाला घेऊन गेलो. तिला शाळेसाठी काहीतरी लिहायचं होतं. हॉलमध्ये खुर्च्या एकशेवीस, माणसं एकतीस. पोट सुटलंय, आवाज तोच. पहिली निवडणूक चार हजारांनी जिंकली म्हणाला. प्रश्नांच्या वेळी मी उभा राहिलो आणि ४१२ आकडा सांगितला. हॉल हसला. तोही हसला. इतका वेळ हसत राहिला की मला राग आला.

मग खाली उतरून सरळ माझ्याकडे आला. नावाने हाक मारली. पंधरा वर्षांनी. माझा हात सोडेना. आणि काय म्हणाला ते आता लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय तुझ्या शेवटच्या परिच्छेदाचं उत्तर देता येणार नाही.

तू लिहिलं आहेस की पाच डिसेंबरला, हार घालून झाल्यावर, भर स्टेजवर तू त्याला विचारणार आहेस, 'माझ्या आईचे कागद तू का नाकारलेस?' त्याच अटीवर तू हे काम घेतलंस म्हणतोस.

राजाराम, त्याने नाकारले नाहीत.

१ जुलै १९७२. को-ऑपच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तो दर शनिवारी लोकांना भेटायचा. आईला नागपूरहून आणायचा आपला अर्ज अडकला होता, आणि तू मला पाठवलंस. अर्ज मीच टाइप केला होता, तीन पानं, एक चूक नव्हती. यादीत माझा नंबर सातवा. लाकडी बाकावर बसलो. माझ्या आधी एक म्हातारी होती, घराला ओल आली म्हणून रडत होती. त्याने खिशातून टॉफी काढून तिच्या हातावर ठेवली, आणि तिने ती घेतली. मला आपले बाबा आठवले. पुढाऱ्याच्या ओसरीवर अर्ज घेऊन बसलेली माणसं दाखवून ते काय सांगायचे, तुलाही आठवत असेल: असं कुणापुढे हात पसरून बसायचं नाही. वाटलं, आता हा मलाही टॉफी देणार. आणि आईसाठी मला ती घ्यावी लागणार.

मी उठून आलो. तुला सांगितलं, 'नाही म्हणाला. नियमात बसत नाही.' तू खिडकीतलं त्याचं पोस्टर काढून फाडलंस. मी फाडू दिलं. सप्टेंबरात आई गेली.

त्या दिवशी मिनियापोलिसच्या हॉलमध्ये माझा हात धरून तो म्हणाला, "यादीत तुझं नाव होतं. मी दोनदा हाक मारली. लंडनला बोलून ठेवलं होतं मी, फक्त कागद हवे होते. तू आला नाहीस, तेव्हा समजलो काम परस्पर झालं. आली ना आई?"

मी म्हणालो, "हो. आली."

गाडीत बसल्यावर दीपाने विचारलं, "डॅड, आजी स्कॉटलंडला कधी आली होती?" मी तिला आरशात बघून गाडी मागे घ्यायला सांगितलं. तिने गाडी सुरूच केली नाही. किल्ली हातात धरून बसून राहिली. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यू नेव्हर इव्हन आस्क्ड हिम?" एवढंच. तेव्हापासून घरात फक्त नंदाशीच बोलते.

त्याच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. माणूस पोकळ होता, आहे. आकड्यांत खोटा, पक्षाशी खोटा. पण आईच्या बाबतीत खोटा मी. पंधरा वर्षं तू त्याच्या नावाने दातओठ खाल्लेस आणि मी ते ऐकत, वर दोन शब्द माझे घालत बसलो.

पाच तारखेला त्याला काही विचारू नकोस. स्टेजवर तो खरं सांगेल, आणि ते तुला त्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहितोय. विचारायचं असेल ते मला विचार. दर रविवारी मी दिवसभर फोनजवळ असेन. नाही केलास तरी समजेन.

अंकासाठी माझं पान येणार नाही. चरित्रातल्या चुका वेगळ्या कागदावर लिहून जोडल्या आहेत, तेवढ्या दुरुस्त कर.

अजून म्हणावंसं वाटलं तर, तुझा दादा,
भानुदास