आईच्या हाताचा दाब

प्रिय ठोंब्या,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. काल मी तोंड उघडेपर्यंत तू तो यंत्राचा हातमोजा चढवलाससुद्धा. आईचा हात आज चांगला घट्ट लागतोय म्हणून लहान मुलासारखा हसलास आणि त्याच बळावर इकडे येणं पुन्हा पुढे ढकललंस. तुझं असं हसणं किती दिवसांनी ऐकलं. ते मोडायला माझी जीभ रेटेना.

तू तो रबरी पंजा पाठवलास, तेव्हा आईने काय तोंडसुख घेतलं होतं ते तुला सगळं सांगितलंच नव्हतं. पोरगा लांब पळाला आणि बदल्यात पंजा धाडला, असं ती नर्सबाईंना ऐकवायची. सुरुवातीला तर त्याला पलंगाजवळही येऊ दिलं नाही. मग एका दुपारी मी चहा घेऊन गेले, तर बाईसाहेब त्याच्या बोटांत बोटं अडकवून खुशाल घोरत होत्या! पुढे तो गार लागतो म्हणून तुझा जुना लोकरी पायमोजा त्याच्यावर चढवला. त्यामुळे तुला तिकडे दाब कळेना, तू आरडाओरडा केलास, तेव्हा कुठे काढला. नजर गेल्यापासून तिला पडद्यावरचा तू नकोच होतास. तिने पंजा दाबला की तिकडे तुझ्या हातमोज्यात दाब उमटायचा, तू मूठ आवळलीस की इथे पंजा मिटायचा. तेवढ्यावर तुमचं तास तास चालायचं आणि मी आपली चहा करायला. हेवा वाटायचा मला, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात तिला पक्षाघाताचा दुसरा झटका आला. डॉक्टरांनी तिचा उजवा हात वर उचलून सोडून दिला, तो धपकन गादीवर पडला. मी तुला तसं कळवलं, तर तू म्हणालास, मला तर लागतोय तिचा दाब. किती बरं वाटलं मला. डॉक्टरांपेक्षा तुझं खरं मानायला कुणाला आवडणार नाही? मग मीही वाकून वाकून बघायला लागले, आणि मलाही तिचं बोट हललेलं दिसायला लागलं. नर्सबाईंनाही दाखवलं. त्या हो म्हणाल्या. भल्या आहेत बिचाऱ्या.

परवा चादर बदलताना मी आईचा हात काढून तिच्या पोटावर ठेवला. पंज्यात चुकून ओला टॉवेल अडकून राहिला. पलंगाजवळच्या कॅमेऱ्यावर चादर आली होती, तुला काही दिसत नव्हतं. आणि तू म्हणालास, आत्ता आईने दोनदा दाबलं. मी टॉवेलाकडे बघत उभी राहिले.

तुला लगेच सांगितलं, तर म्हणालास, ताई, तू दमली आहेस. दमलेच आहे. पाठ धरलीय, जेवणाची शुद्ध नाही, पण आई आणि टॉवेल यांतला फरक मला अजून कळतो.

आज सकाळी कंपनीचा माणूस येऊन गेला. मोठ्या कौतुकाने सांगत होता. इकडून दाब गेला नाही, तर यंत्र आधीच्या दाबांवरून अंदाज बांधतं आणि तसाच दाब मोज्यात पाठवतं. मधेच हात सुटल्यासारखं वाटून माणूस दचकू नये, म्हणून ही सोय. आईने वर्षभर तुझा हात दाबला, ते सगळं त्या यंत्राच्या पोटात आहे. म्हणजे तुला लागतं ते आईचंच रे, फक्त जुनं. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तुला दोष देत नाहीये. समुद्राच्या तळाशी पाइप दुरुस्त करणारं यंत्र तू किनाऱ्यावरच्या खोलीत बसून चालवतोस. पाणी गढूळ झालं की पडदा कामाचा राहत नाही, मग मुठीत बसणारा धक्का हाच तुझा आधार. चित्र फसवतं, हात फसवत नाही, हे तू मला शंभरदा ऐकवलंयस. त्यामुळेच माझं तुला पटत नाही, हे मला कळतं. पण मला रडू येतं.

डॉक्टर म्हणतात, आठवडा. कदाचित तोही नाही. म्हणून ती अंदाजाची सोय मी आजच बंद करून घेतली. आता मोज्यात खरं तेच येईल, म्हणजे काहीच येणार नाही. हे वाचण्याआधी तू तो चढवला असशील, तर घाबरून गेला असशील. आई आहे अजून. श्वास चालू आहे. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण पहिल्या मिळेल त्या तिकिटाने निघ. येताना एवढंच मनाशी धरून ये, की ती तुझा हात दाबणार नाही. तू तिचा धर.

तुझीच,
ताई