ढग पळवणारे पंखे

३ ऑगस्ट २०२३
पाऊस – शून्य. सलग नववा दिवस. मापक पुसून परत जागेवर ठेवला.

पारावर गुंडा भेटला. माझा चुलतभाऊ, पण बोलणं भाऊबंदकीचं. "आकाराम, पाऊस कुटनं येईल रं? डोंगरावरचं पंखे ढग पळवत्यात." पंखे म्हणजे पवनचक्क्या. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव आणतोय – पंखे बंद करा, तोवर कंपनीची गाडी वर सोडायची नाही. त्याच गाडीतून माझी लेक अंकिता कामावर जाते. गावातली पहिली पोरगी टेक्निशियन झाली, आणि तिला हे घरी बसवणार. ह्याच्या डोक्यात हे कुणी भरवलं, देव जाणे.

५ ऑगस्ट
शून्य. अंकिता म्हणाली, "आबा, वाऱ्यानं पंखा फिरतो. पंख्यानं वारा सुटत नाही." मला पटलं. गुंडाला जाऊन सांगितलं. तर म्हणतो, "पोरीची चाकरी टिकावी म्हणून बोलायलास तू." लय राग आला. चहा न घेताच उठलो.

८ ऑगस्ट
शून्य. ठरवलं, आता पुराव्यानिशी बोलायचं. फौजेतून आलो २००४ साली. तेव्हापासून रोज सकाळी आठला पाऊस मोजून वहीत टिपतोय. काळ्या ट्रंकेतून सगळ्या वह्या काढल्या.

९ ऑगस्ट
दोन मिलिमीटर. नुसती भुरभुर.

बेरजा केल्या. वर्षाचा पाऊस जवळपास पहिल्याएवढाच आहे! मग गावाला कमी का वाटतो? म्हणून पावसाचे दिवस मोजले. पंखे यायच्या आधी वर्षाला पन्नास-बावन्न, गेल्या वर्षी एकोणतीस. अंकिता म्हणते, हवा तापली की पाणी जास्त धरते आणि मग एकदम ओतते. आमच्या मंडळींनी चुलीपुढूनच निकाल दिला – "मंजी म्हैन्याच्या भाकरी दोन दिसांत वाडायच्या, आन मग उपाशी ठेवायचं."

११ ऑगस्ट
गुंडाला वही दाखवली. बोट ठेवून ठेवून वाचली त्यानं. मला बरं वाटलं. मग म्हणतो, "व्हय की! पंखे ढग कोंडून धरत्यात आन एकदम सोडत्यात. तुज्याच वहीत हाय गड्या." कपाळाला हात लावला.

१३ ऑगस्ट
शून्य. ठरावावर एकशे बारा सह्या झाल्या. अंकिता जेवली नाही. म्हणाली, पुण्याकडं काम बघते. वाईट वाटलं.

१४ ऑगस्ट
शून्य. उद्या सभेत वाचायला म्हणून २००८ ची वही चाळत होतो. १९ जुलैच्या पानावर माझंच अक्षर – "पाऊस शून्य. डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांनीच ढग पळवले. पारावर सगळ्यांना सांगितलं. गुंडाला पटत नव्हतं. तासभर बसून पटवलं."

उद्या आधी हेच पान वाचायचं.