मधलं नाव

बाबा,

तुम्ही गेल्यानंतर मी नोकरीला लागले, त्यामुळे मी दिवसभर काय करते हे तुम्हाला ठाऊक नाही. शांती नगरच्या पुढे एक छोटं मॅटर्निटी होम आहे, तिथे मी रिसेप्शनवर बसते. म्हणायला रिसेप्शन, खरं काम जन्माच्या नोंदीचं. बाळ झालं की माहितीचा फॉर्म मी भरते, तो महापालिकेत जातो आणि तिथून जन्मदाखला येतो. म्हणजे तुम्ही खिडकीच्या आत बसून जे कागद घ्यायचात, ते मी आता बाहेरून पाठवते. तेव्हाच्या नगरपरिषदेतल्या तुमच्या त्या कोंदट खोलीला लहानपणी मी काय काय नावं ठेवली होती, आणि शेवटी पोटापाण्यासाठी त्याच वाटेला लागले. हसा तुम्ही. आज लिहायला बसले ते माझ्या एका चुकीबद्दल. ती तुम्हाला कळली असती तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नसता.

दिवाळीच्या जरा आधी आमच्याकडे एक इथिओपियाची बाई बाळंत झाली. नवरा इथे पीएचडी करतोय, दोघं मीरा रोडला भाड्याने राहतात. तिचं हिंदी भाजीवाल्यांकडून शिकलेलं, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन काढलं तरी ती म्हणायची, ‘‘थोडा कमती करो ना.’’ मुलगी झाली, छान झाली. मी फॉर्म भरायला घेतला. आईच्या नावाच्या रकान्यासाठी तिचा पासपोर्ट उघडला, तर तिच्या नावापुढे भलत्याच कुणाची नावं, नवऱ्याचा पत्ताच नाही. मला वाटलं, माहेरच्या नावाचा पासपोर्ट असेल, बदलून घ्यायचा राहिला असेल बिचारीचा. निदान पोरीच्या दाखल्यावर तरी नीट येऊ दे म्हणून मी आपलं तिचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग नवऱ्याचं आडनाव असं टापटिपीने लिहून टाकलं. विचारलंसुद्धा नाही. टाके दुखत होते, तिने मी बोट ठेवलं तिथे सही केली. आणि मी एक काम मार्गी लावल्याच्या आनंदात चहा प्यायले.

परक्या देशाच्या आईबापांना इथे मूल झालं तर ते मूल इथलं होत नाही, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. त्याला आधी त्याच्या देशाचा पासपोर्ट काढावा लागतो आणि मग इथे राहायचा परवाना. चार दिवसांचं पोर, पण सरकारदरबारी परदेशी पाहुणा. परवाना नसेल तर त्याला इथे राहता येत नाही आणि गंमत म्हणजे देश सोडून जाताही येत नाही. पासपोर्टच्या फोटोसाठी आमच्या सिस्टरने मागे पांढरी चादर धरली होती आणि मी समोरून खुळखुळा वाजवत होते, का तर नियमाप्रमाणे डोळे उघडे हवेत. वीस फोटो काढले. एकात तिने एक डोळा उघडला, दुसऱ्यात दुसरा. शेवटी जमलं एकदाचं. त्यांच्या वकिलातीतल्या लोकांना आपल्याकडची नावं कळतात, त्यांनी पासपोर्ट दिला. परवान्याचा अर्ज मात्र परत आला.

ती काउंटरवर आली ती पोरीला छातीशी बांधून. दाखला माझ्यापुढे ठेवला, आईच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘दीदी, ये औरत कौन है?’’

मी म्हटलं, ‘‘आप ही तो हो. शादी के बाद हमारे यहाँ हज़बंड का नाम लगता है.’’

ती जराशी गोंधळली. रागावली नव्हती, खरंच कोडं पडलं होतं तिला. म्हणाली, ‘‘लेकिन शादी के बाद भी पापा तो वही रहता है ना, दीदी?’’

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्यात आडनाव नसतंच. आपलं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, संपलं. लग्न होवो नाहीतर काही होवो, त्यातलं अक्षर हलत नाही. म्हणजे मी जे नवऱ्याचं आडनाव म्हणून लिहिलं होतं, ते त्याच्या आजोबाचं नाव निघालं. पासपोर्टवरची आई एक आणि दाखल्यावरची आई दुसरीच, मग अर्ज परत येणार नाही तर काय होणार. आणि घाई होती, बाबा. तिच्या वडिलांची नजर जात चालली होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे बघायचं ते या काही महिन्यांत बघून घ्या. त्यांना नात बघायची होती. फोनवर काही त्यांना दिसत नव्हतं, सगळं धुरकट. नवऱ्याच्या सुट्टीत जायचं ठरलं होतं, आणि पोरीचा परवाना माझ्या टापटिपीत अडकला होता.

दाखला दुरुस्त करायचा तर मॅटर्निटी होमचं पत्र लागतं. असली पत्रं मी आजवर कितीतरी दिली आहेत, मजकूर ठरलेला आहे. ‘पालकांनी दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे’ अशी सुरुवात. इथल्या माणसांना त्याने काही होत नाही, कुणी वाचतही नाही. मी सवयीने तेच काढलं, प्रिंट घेतली, शिक्काही हातात घेतला. खरं सांगते, शिक्का मारणारच होते. मग डोक्यात आलं की हा कागद परदेशी माणसाच्या फायलीला लागणार. ‘चुकीची माहिती दिली’ एवढं वाचून कुणी शंभर प्रश्न विचारले तर ती बिचारी कुणाकुणाला आणि कुठल्या भाषेत उत्तरं देणार?

आणि तुमच्या ऑफिसमधला तो मे महिना आठवला. आई रत्नागिरीला गेलेली, म्हणून तुम्ही मला रोज सोबत नेताय. मी दहा वर्षांची. गप्प बसावं म्हणून तुम्ही मला कच्च्या वहीत नावं उतरवायला दिली आहेत. उत्तनचा एक कोळी खिडकीशी उभा आहे, ‘‘साहेब, पोर झालाय, नाव लिवायचा हाय,’’ म्हणतोय, आणि तुम्ही त्याला ते नाव तीनदा म्हणायला लावताय. तो हसतोय, ‘‘साहेब, तुमाला ऐकू येत न्हाय काय?’’ मी त्याच्याकडे बघत राहते आणि भलत्याच ओळीत भलतंच लिहिते. मग अर्ध्या ब्लेडने हळूच खरवडते. तुम्ही पान उजेडाकडे धरता. ओरडत नाही. ‘‘खोडलं की एका चुकीच्या दोन होतात,’’ एवढंच म्हणता आणि मला समासात लिहायला लावता: काय चुकलं, बरोबर काय, खाली सही. माझी सही तोवर ठरलेलीसुद्धा नव्हती. मी पूर्ण नाव लिहिलं. संध्याकाळी घरी जाताना तुम्ही मला काकडी घेऊन दिलीत, तिखटमीठ लावून, आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलला नाहीत.

मी पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. ‘पालकांनी पासपोर्ट दाखवला होता. फॉर्म भरताना मी आईचे नाव स्वतःच्या समजुतीने बदलून लिहिले. चूक माझी आहे.’ डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई वाईट नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. ‘‘अगं, नेहमीचं पत्र आहे ना आपलं? हे असं लिहिलं की हॉस्पिटलचं नाव खराब होतं.’’ या वयात दुसरी नोकरी कोण देणार? तरी म्हटलं, ‘‘मॅडम, म्हणून माझं नाव घातलंय. हॉस्पिटलचं नाही.’’ त्यांनी पत्र दोनदा वाचलं. पेशंट वाट बघत होत्या. ‘‘फारच सत्यवादी झालीयस तू,’’ असं काहीतरी पुटपुटत सही केली. पगारातून काही कापलं नाही, पण चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. बोलू देत, मला तुमची सवय आहे.

प्रभाग कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला प्रतिज्ञापत्र नव्हतं, दुसऱ्या खेपेला सर्व्हर नव्हता. तिसऱ्या खेपेला तिथली पोरगेलेशी कारकून पत्र वाचून माझ्याकडे बघत राहिली. ‘‘मॅडम, असं कोण लिहून देतं हो? सगळे पेरेंट्सवर ढकलतात.’’ आता रजिस्टर नाही, समास नाही, कॉम्प्युटरवर शेऱ्याचा एक चौकोन असतो. तिने पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर टाईप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, ‘‘चेक करून घ्या, परत यायला नको.’’ तुम्हाला आवडली असती ती. नवा दाखला घेऊन त्यांनी पुन्हा अर्ज केला. रोज सकाळी मी तिला फोन करायची, ती म्हणायची, ‘‘अभी पेंडिंग.’’ पंधरवडा असा गेला. मग एका दुपारी ती धावत आली, एवढ्या लहान पोरीला घेऊन धावायचं नसतं असं मी ओरडणार, तेवढ्यात तिने मोबाइल माझ्या नाकाशी धरला. परवाना. पोरीचा तो दोन्ही डोळे उघडे असलेला फोटो आणि खाली तिचं नाव. आम्ही दोघी काउंटरच्या दोन बाजूंनी रडलो. सिस्टरला वाटलं काही वाईट झालं. डॉक्टरीणबाई केबिनमधून बाहेर आल्या, बघितलं आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

ती गेली. दहा-बारा दिवसांनी तिकडून व्हिडिओ आला. अंगणात एक म्हातारा बसलाय. बारीक अक्षर वाचायला आपण कागद डोळ्यांजवळ नेतो, तशी त्याने नात डोळ्यांजवळ धरली आहे, अगदी नाकाला नाक लागेल इतकी. पोरगी त्याची दाढी ओढतेय आणि तो काहीतरी म्हणतोय, संथ, पाढे म्हटल्यासारखं. खाली तिचा व्हॉइस मेसेज होता, ‘‘पापा को दिखता है, दीदी, थोड़ा थोड़ा दिखता है. नाम गिन रहे हैं. मेरा नाम, पापा का नाम, पापा के पापा का.’’ आणि मग, ‘‘पापा पूछते हैं, जिस दीदी ने अपनी ग़लती लिख के दी, वो किसकी बेटी है?’’

मी कामावर होते. समोर दोन बायका नंबर लावून बसलेल्या. मी माझं नाव टाईप केलं आणि पुढे तुमचं. लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. थोड्या वेळाने उलट आवाज आला, म्हाताऱ्याचा. तुमच्या नावातला ळ त्याला काही केल्या जमला नाही, पण त्याने दोन्ही नावं एका श्वासात म्हटली. मी ते कितीदा ऐकलं ते सांगत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तुम्ही नाव बदलायचा फॉर्म घेऊन आमच्याकडे आलात. सासूबाई समोर बसल्या होत्या. सगळा फॉर्म तुमच्या अक्षरात भरलेला, जुनं नाव, नवं आडनाव, पत्ता, सगळं. नव्या नावातला मधला रकाना तेवढा कोरा. तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, ‘‘बघ, काही राहिलंय का.’’ मी मोठ्याने हसले, ‘‘बाबा, विसरलात की!’’ म्हटलं आणि तुमच्याच पेनाने तिथे ह्यांचं नाव लिहिलं. ‘‘हो, राहिलं खरं,’’ म्हणून तुम्ही कागदाची घडी घातलीत. पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला, की आमच्या बाबांचा जन्मात एवढा एकच रकाना चुकला. तुम्ही विसरला नव्हतात, बाबा. ते मला तेव्हाच कळलं होतं.