झाडाखालचं मरण

प्रिय फौजी,

रीळ संपलं की फिल्मचं सुटं टोक चाकावर फटफट आपटायचं, आठवतंय? सकाळपासून तोच आवाज कानात बसलाय. थिएटर पाडलं त्यालाही युगं लोटली, पण कान काही ऐकत नाहीत.

सुट्टीवर आलास की माझ्या त्या भट्टीसारख्या मशीनच्या खोलीत स्टूल ओढून बसायचास आणि काचेच्या झरोक्यातून लढाईचे सिनेमे बघायचास. मला ते जीव की प्राण. शाळेत बाईंनी वीररसाच्या कविता पाठ करून घेतल्या, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलंच. आणि तू शेजारी बसून एकेकाची पिसं काढायचास. यांचे मोजे ओले कसे होत नाहीत? शत्रू एवढा स्पष्ट दिसतो तरी कसा, आम्ही तर झुडपांवरच गोळ्या घालतो. नुसतं वाट बघत पडून राहणं कुणी दाखवतच नाही. एकदा तू मला खोलीतला स्पीकर बंद करायला लावलास. तोंडं वासून मुकाट धावणारी माणसं बघत बसलास आणि म्हणालास, "आता जरा जुळतंय."

एका सिनेमात मात्र नायक झाडाखाली, मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून, 'आईला सांग, मी पाठ नाही दाखवली' म्हणत हसत डोळे मिटतो, तिथे तू खो खो हसलास. मरणाऱ्याला एवढं पाठांतर कसं जमतं, म्हणालास.

पुढच्याच वर्षी तू माझ्या धाकट्या भावाची ट्रंक घेऊन आमच्या दारात उभा राहिलास. तुझ्याच तुकडीत होता तो. आईसमोर स्वयंपाकघरात जमिनीवर बसलास आणि तो कसा गेला ते सांगितलंस. झाड, मांडी, तेच वाक्य, तेच हसू. मी चौकटीला टेकून ऐकत होतो. तो सिनेमा इतक्यांदा चालवला होता, की तुझा पुढचा शब्द आधी माझ्या ओठांवर येत होता. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी ट्रंक उचलून आत नेली. पण आई त्या दिवशी दोन घास जेवली.

नंतर तो सिनेमा पुन्हा लागणार होता. प्रिंट खराब झालीय, असं मी मालकांना ठोकून दिलं. परवापर्यंत तर बरी होती, ते म्हणाले. म्हटलं, मालक, म्हातारपण काय सांगून येतं? आलं-गेलं कुणी भेटलं की आई ते वाक्य सांगायची. सांगत सांगतच थकली, आणि समाधानाने गेली.

काल नातीने टीव्हीवर नेमका तोच सिनेमा लावला. झाडाखालचा प्रसंग आला तशी ताडकन उठली. "आजोबा, यांनी आपल्या धाकट्या आजोबांची गोष्ट चोरलीय!" चोर कोण ते सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते तिने बघितलं असणार. मग हळूच म्हणाली, "असंच असेल ना, तर मला भीती नाही वाटत."

सोमवारी ती सैन्यात जायला निघतेय. आज पहाटेच 'येते' म्हणून कुठेशी गेलीय. दारात तिचे नवे बूट, पलंगावर अर्धी भरलेली बॅग. मी या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतोय. चहा दोनदा गार झाला. जन्मभर ज्या कवितांनी सोबत केली, त्यांतली एक ओळ आज धड आठवत नाही.

म्हणून हे पत्र. तिला अडवायला नव्हे. ती हट्टाची आहे, आणि तिने माघार घ्यावी असं मलाही वाटत नाही. पण जाताना तिने पडद्यावरचं मरण उराशी धरून जाऊ नये. आईला तू जे दिलंस, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. आता मला खरं सांग. धाकटा कसा गेला? ओरडला का? पाणी मागितलं का? तू जवळ होतास का? काहीही असो, मी ऐकेन. मग तिला कसं सांगायचं ते दोघं मिळून ठरवू.

तुझाच,
मशीनवाला

ता. क. पाकिटावर पत्ता घालत होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. खिडकीतून बघतोय. पुढे नात आहे, आणि तिच्या खांद्यावर हात टेकून, पायरीपायरीला थांबत, तू. तिचे डोळे लाल झालेत. म्हणजे ती तुझ्याकडेच गेली होती, आणि तू वाटेतच खरं सांगून टाकलंस. बेल वाजली.